फाउंड्रीतील धूळ आणि कामगारांची फुफ्फुसे: सोलापूरच्या कारखान्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचोली आणि अक्कलकोट रस्ता या औद्योगिक वसाहतींतील लहानमोठ्या ओतकामाच्या कारखान्यांत मालक, सुपरवायझर, कामगार आणि कधीकधी कामगारांच्या घरची माणसे जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सगळी उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जेथे चूक पुन्हा पुन्हा होते तेथे सविस्तर लिहिले आहे, आणि जेथे एका वाक्यात भागते तेथे एकाच वाक्यावर थांबलो आहोत.

सोलापूर हे गिरण्यांचे शहर. धुळीत आयुष्य काढलेली माणसे इथे घरोघरी आहेत. मग फाउंड्रीच्या धुळीचे एवढे काय?

हा प्रश्न बहुधा ज्याचे वडील किंवा आजोबा गिरणीत होते असा माणूस विचारतो, आणि त्यामागचा अनुभव खोटा नसतो. सुताच्या धुळीमुळेही छातीचा आजार होतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे जुने लक्षण आहे. मात्र तो त्रास सुरुवातीच्या टप्प्यात असताना धुळीपासून दूर गेल्यास बराचसा कमी होऊ शकतो. फाउंड्रीच्या वाळूतील स्फटिकरूप सिलिका तशी सवलत देत नाही. तिचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसाच्या वायुकोशांत शिरतात, त्यांना गिळणाऱ्या संरक्षक पेशी त्या प्रयत्नात मरतात, तेथे सूज येऊन व्रण धरतात आणि फुफ्फुस हळूहळू कडक होत जाते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. एकदा धरलेला व्रण औषधाने विरघळत नाही, आणि काम सोडल्यानंतरही आजार पुढे सरकू शकतो. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांमध्ये केली आहे. म्हणून गिरणीतल्या अनुभवावरून फाउंड्रीचा अंदाज बांधू नये.

आमच्या शेडमध्ये धूळ फारशी दिसत नाही. तरीही धोका आहे का?

असू शकतो. जी धूळ डोळ्यांना दिसते, कपड्यांवर बसते आणि नाकात खाजते, ती बहुतांशी नाकाघशातच अडते. खोलवर जाणारे कण सुमारे दहा मायक्रॉनहून लहान असतात आणि त्यांतले सर्वांत त्रासदायक कण चार-पाच मायक्रॉनहूनही लहान असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली तर हे प्रमाण लक्षात येते. असे कण जमिनीवर लवकर बसत नाहीत. नॉकआउटचे, म्हणजे ओतून झालेले साचे फोडण्याचे, काम थांबून जेवणाची सुट्टी झाली तरी ते हवेत तरंगत राहतात, आणि त्याच हवेत बसून डबा खाल्ला जातो.

न दिसणारी धूळ पाहण्याची एक जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. संध्याकाळी शेडमधले दिवे कमी करावेत, कामाच्या जागेमागे एक प्रखर झोताची बॅटरी लावावी, आणि झोत थेट डोळ्यांवर येणार नाही अशी आड धरून झोताच्या दिशेने पाहावे. बंद दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात कण नाचताना दिसतात, तसेच हे आहे. ग्राइंडरवर काम सुरू असताना धुळीचा लोट नेमका कोठून उठतो आणि कामगाराच्या नाकापर्यंत कसा पोहोचतो, हे पाच मिनिटांत कळते. आमच्या अनुभवात मालकाचे मत बदलायला दहा पानी अहवालापेक्षा ही बॅटरी अधिक उपयोगी पडते.

सर्वांत जास्त धूळ कोणत्या कामात होते?

पुष्कळांना वाटते की साचे बनवताना. प्रत्यक्षात ओल्या वाळूच्या साच्यात तीन-चार टक्के पाणी असते, त्यामुळे मोल्डिंगच्या वेळी वाळू तुलनेने शांत असते. खरी धूळ सुरू होते ती रस, म्हणजे वितळलेला धातू, ओतून झाल्यावर. रसाच्या उष्णतेने साच्याच्या आतील थर कोरडा पडतो, वाळूचे दाणे तडकतात, वाळू बांधणारी बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड जळते, आणि हे सगळे नॉकआउटच्या जाळीवर एकदम मोकळे होते. कास्टिंग, म्हणजे साच्यात तयार झालेला भाग, पुरेसे थंड न होता साचा फोडला तर गरम हवेबरोबर धूळ वर उसळते आणि शेडभर पसरते. उत्पादनाच्या घाईत हा थंड होण्याचा वेळच पहिल्यांदा कापला जातो.

त्यानंतर फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याचे काम, येते. कास्टिंगला चिकटलेल्या वाळूसकट ग्राइंडर चालवला की चाक लोखंडाबरोबर सिलिकाही दळते. म्हणून शक्य तेथे छरे मारून सफाई करणाऱ्या बंद शॉट ब्लास्टिंग यंत्रात वाळू आधी उतरवावी आणि ग्राइंडिंग नंतर करावे. एवढा क्रम बदलल्यानेही फेटलिंगच्या बाकावरची सिलिका पुष्कळ घटते. सँड प्लांटमध्ये कोरडी परतीची, म्हणजे वापरून परत आलेली, वाळू एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जेथे पडते ती प्रत्येक जागा धुळीची असते, आणि तेथे कायम माणूस उभा नसतो म्हणून ती दुर्लक्षित राहते. कोअर शॉपमध्ये तयार कोअर (कास्टिंगमधील पोकळीसाठी केलेला वाळूचा गाभा) घासताना, तसेच साचा सुटा व्हावा म्हणून वापरायची सिलिकेची पार्टिंग पावडर पिशवीतून झटकताना अगदी बारीक धूळ उडते. पार्टिंगसाठी सिलिकाविरहित पावडर मिळते, आणि ती वापरण्यास कोणतेही यंत्र बदलावे लागत नाही.

भट्टीचे अस्तर काढण्याच्या कामाबद्दल वेगळी सूचना का दिली जाते?

कारण फाउंड्रीतील कदाचित हेच सर्वांत घातक काम आहे, आणि ते महिन्यातून काही वेळाच होत असल्याने त्याची कोणी गणतीच करत नाही. इंडक्शन भट्टीचे आम्लीय अस्तर ज्या रॅमिंग मासचे असते, ते जवळजवळ संपूर्ण सिलिकाच असते. नवे अस्तर ठोकताना कोरडी पूड ओतली जाते. जुने अस्तर फोडताना तर आणखी एक गोष्ट झालेली असते: दीर्घ काळ तीव्र तापमानात राहिल्याने क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकेच्या नेहमीच्या स्फटिकरूपाचा, काही भाग क्रिस्टोबलाइट या अधिक घातक मानल्या जाणाऱ्या रूपात बदललेला असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही हवेतील क्रिस्टोबलाइटची मर्यादा क्वार्ट्झच्या निम्मी ठरवलेली होती. लॅडलचे, म्हणजे रस वाहून नेणाऱ्या भांड्याचे, अस्तर काढण्यालाही हेच लागू होते.

हे काम रविवारी, बंद पडलेल्या एक्झॉस्टखाली, ठेकेदाराच्या दोन माणसांकडून, तोंडाला टॉवेल बांधून करून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती बंद व्हायला हवी. अस्तर फोडण्याआधी भट्टी पूर्ण थंड आणि वीजपुरवठा कुलूपबंद असावा. ज्या भट्ट्यांत सोय आहे तेथे अस्तर यंत्राने ढकलून एकसंध बाहेर काढावे. ते शक्य नसल्यास तोंडाशी ओढ देणारी नळी लावून, आसपासची माणसे हटवून आणि योग्य प्रतीचा श्वसनमास्क घालूनच काम करावे. भट्टीत पाणी मारून धूळ बसवण्याचा मोह टाळावा. अस्तरात ओल राहिली आणि त्यावर रस आला तर स्फोट होतो.

हवेत किती धूळ चालते? कायद्यात काही आकडा आहे का?

आहे, मात्र तो सरळ आकडा नसून सूत्र आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या (२१ नोव्हेंबर २०२५ ला त्याची जागा नव्या संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत ते दिलेले होते: श्वसनीय धुळीची, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीची, आठ तासांची सरासरी मर्यादा मिलिग्रॅम प्रति घनमीटरमध्ये काढण्यासाठी दहाला भागायचे, आणि भाजक असतो श्वसनीय धुळीतील क्वार्ट्झची टक्केवारी अधिक दोन. धुळीत क्वार्ट्झ आठ टक्के असेल तर मर्यादा एक मिलिग्रॅम होते, अठरा टक्के असेल तर अर्धा मिलिग्रॅम, आणि रॅमिंग मासच्या धुळीत क्वार्ट्झ अठ्ठ्याण्णव टक्के धरले तर फक्त एक दशांश मिलिग्रॅम. म्हणजे धुळीचे एकूण वजन सांगून भागत नाही. तिच्यात क्वार्ट्झ किती, हे कळल्याशिवाय मर्यादा पाळली की मोडली हे ठरवताच येत नाही.

तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेने २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा शुद्ध श्वसनीय सिलिकेसाठी ०.०५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर इतकी आहे. मेहनतीचे काम करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. त्या हिशेबाने दिवसभराची सिलिका अर्धा मिलिग्रॅम भरते, म्हणजे बारीक मिठाचे जेमतेम आठ-दहा कण. आपल्या कायद्याचे सूत्र याहून सैल आहे. त्यामुळे आपल्या मर्यादेला टेकून राहण्यात समाधान मानू नये असे आमचे मत आहे.

आमच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी केलेला हवेचा अहवाल आहे. तो पुरेसा नाही का?

नाही. तो अहवाल चिमणीतून काय बाहेर जाते आणि कारखान्याच्या आवारातील हवा कशी आहे हे सांगतो. फेटलिंगच्या बाकावर वाकलेल्या माणसाच्या नाकासमोर काय आहे हे सांगत नाही. त्यासाठी कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ सायक्लोन बसवलेला फिल्टर लावून संपूर्ण पाळीचा नमुना घ्यावा लागतो. सायक्लोन जाड कण बाजूला काढतो आणि फक्त श्वसनीय धूळ फिल्टरवर जमते. प्रयोगशाळेला काम देताना दोन गोष्टी लेखी मागाव्यात: श्वसनीय धुळीचे वजन आणि तिच्यातील क्वार्ट्झचे प्रमाण. दुसरी गोष्ट मागितली नाही तर ती बहुधा मिळत नाही, आणि मग खर्च करूनही हाती उपयोगी माहिती येत नाही. नमुना घेण्याच्या दिवशी उत्पादन नेहमीसारखेच चालू असावे. त्या दिवशी शेड धुऊन काढली तर फसवणूक आपलीच होते.

एक्झॉस्ट बसवला, बॅग फिल्टर बसवला, लाखो रुपये गेले. तरी धूळ आहे तशीच. असे का?

ही तक्रार इतकी वारंवार येते की तिची कारणे पाठ झाली आहेत. पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे हूड, म्हणजे धूळ ओढून घेणारे तोंड, धुळीपासून लांब असते. फुंकर दूरवर जाते, ओढ मात्र जात नाही. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझत नाही. ओढ देणाऱ्या नळीच्या तोंडापासून त्या तोंडाच्या व्यासाइतके दूर गेले की हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या सुमारे दहा टक्केच उरतो. त्यामुळे डोक्यावर चार फूट उंच टांगलेले भले मोठे हूड दिसायला भक्कम असले तरी धूळ आधी कामगाराच्या चेहऱ्यासमोरून जाते आणि मग, गेलीच तर, हुडात जाते. फेटलिंगसाठी बाजूने किंवा खालून ओढणारा बाक, पेडेस्टल ग्राइंडरच्या चाकाच्या आवरणालाच जोडलेली नळी आणि नॉकआउटच्या जाळीला तिन्ही बाजूंनी पत्र्याची आड, हे उपाय लहान पंख्यावरही चांगले चालतात.

दुसरे कारण डक्टमध्ये, म्हणजे धूळ वाहून नेणाऱ्या नळीत, असते. फाउंड्रीची धूळ जड असते. नळीतला वेग सेकंदाला अठरा-वीस मीटरच्या खाली गेला की ती वळणावर बसत जाते आणि सहा महिन्यांत नळी अर्धी भरते. नंतर कोणीतरी नवीन ग्राइंडर घेतो आणि त्याची फांदीही त्याच नळीला जोडतो. पंखा तोच राहतो, तोंडे वाढतात आणि कोणत्याच तोंडाला पुरेशी ओढ उरत नाही.

तिसरे कारण ऐकून लोक हसतात, परंतु ते खरे आहे. मोटारीची दुरुस्ती करताना दोन फेज उलटसुलट जोडल्या गेल्या की पंखा उलटा फिरू लागतो. सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त पुष्कळ कमी. आवाज येतो, नळीशी कागद धरला तर थोडा ओढलाही जातो, आणि महिनोन्‌महिने कोणाला शंका येत नाही. पंख्याच्या कवचावर फिरण्याच्या दिशेचा बाण रंगवावा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तो पडताळावा. बॅग फिल्टरवरील दाबाचा फरक दाखवणारा मीटर रोज पाळीच्या सुरुवातीला वाचून वहीत लिहावा. दाब नेहमीपेक्षा वाढला तर पिशव्या चोंदल्या आहेत किंवा झटकण्याची यंत्रणा बंद आहे, आणि एकदम घसरला तर पिशवी फाटली आहे किंवा नळीत हवा कमी येते आहे, असे समजून शोध घ्यावा.

मे महिन्यात मॅन कूलर, म्हणजे कामगारांसाठीचे मोठे पंखे, बंद ठेवा असे कसे सांगता?

तसे सांगत नाही. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा आणि शेजारी भट्टी अशा ठिकाणी पंखा काढून घेणे अमानुष ठरेल, आणि कामगार तो पुन्हा लावणारच. परंतु पंखा कोठे ठेवला आहे यावर बरेच अवलंबून असते. नॉकआउटच्या दिशेकडून वारा आला तर तेथील धूळ थेट मोल्डिंगच्या माणसांवर जाते. हुडाच्या आडवा वारा गेला तर ओढ मोडते. वारा पाठीमागून आला तर माणसाच्या अंगासमोर हवेचा भोवरा तयार होतो आणि हातातल्या कामाची धूळ वर, नाकाकडे खेचली जाते. त्यामुळे वारा बाजूने यावा, स्वच्छ हवेच्या दिशेकडून यावा आणि हुडाच्या तोंडावर जाऊ नये. सर्वांत चांगला उपाय म्हणजे बाहेरची हवा नळीने आणून कामगाराच्या डोक्याच्या उंचीवर हलक्या वेगाने सोडणे. यामुळे उकाडा आणि धूळ दोन्ही कमी होतात.

पाणी मारून धूळ बसवता येते का? आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण आहे.

जमीन झाडण्यापूर्वी आणि परतीच्या वाळूवर बारीक तुषार मारण्यासाठी फार पाणी लागत नाही. पाइपने शेड धुणे आणि तुषार मारणे यांत मोठा फरक आहे. कण ओले होण्याइतपत पाणी पुरे, आणि त्यासाठी वापरून झालेले, गाळलेले पाणीही चालते. मात्र वितळलेला धातू, लॅडल, पिग मोल्ड (उरलेला रस ओतायचे साचे) आणि रस सांडू शकेल अशा जागांच्या जवळपास पाणी नेऊ नये.

शेड झाडायला झाडू आणि कपडे झटकायला कंप्रेसरची हवा वापरतो. त्यात काय वाईट?

दिवसभर खाली बसलेली धूळ या दोन्हींमुळे पुन्हा हवेत जाते. एअर गनने अंग झटकण्याची सवय कामगारांना आवडते, कारण अंग हलके वाटते. पण त्या अर्ध्या मिनिटात नाकासमोर उठणारा ढग कधीकधी तासाभराच्या कामाहून दाट असतो. उच्च क्षमतेचा फिल्टर असलेला औद्योगिक व्हॅक्यूम वापरावा. साधा घरगुती व्हॅक्यूम बारीक कण मागच्या बाजूने परत सोडतो. छताच्या कैच्यांवर आणि केबल ट्रेवर वर्षानुवर्षे साचलेली धूळही याच व्हॅक्यूमने काढावी, आणि तीही काम बंद असताना.

मास्क दिले आहेत, पण कामगार घालत नाहीत. काय करावे?

आधी कोणता मास्क दिला आहे ते पाहावे. रुमाल, गमछा, टॉवेल आणि शस्त्रक्रियेचा निळा मास्क यांपैकी काहीही सिलिकेपासून वाचवत नाही. सोलापुरी टॉवेल कितीही घट्ट विणीचा असला तरी त्याच्या धाग्यांमधली फट या कणांना दरवाजासारखी असते. भारतीय मानक ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ किंवा एफएफपी-३ प्रतीचा, अथवा एन-९५ प्रतीचा मास्क लागतो, आणि तो चेहऱ्याला चहूबाजूंनी चिकटून बसावा लागतो. दाढीचे खुंट वाढले असतील तर कडेने फट राहते. मास्क घालून दोन्ही हातांनी झाकावा आणि जोरात श्वास आत घ्यावा. मास्क किंचित आत ओढला गेला तर तो बसला, कडेने वारा जाणवला तर बसला नाही. घामाने भिजलेला मास्क बदलावा, म्हणजे उन्हाळ्यात एका पाळीला एकाहून अधिक लागतील असे धरूनच खरेदी करावी. उच्छ्वासाची झडप असलेला मास्क उकाड्यात अधिक सुसह्य होतो. भट्टीचे अस्तर काढण्यासारख्या कामाला साधा मास्क अपुरा असतो. तेथे बॅटरीवर चालणारा, गाळलेली हवा डोक्यावरील आवरणात सोडणारा श्वसनसंच वापरावा.

आता दुसरी बाजू. चाळीस अंशांच्या वर गेलेल्या दिवशी आठ तास घट्ट मास्क लावून फेटलिंग करणे कोणालाही जमत नाही, आणि जो सुपरवायझर हे मान्य करत नाही त्याने एक पाळी स्वतः करून पाहावी. कामगार मास्क काढतो ते बेफिकिरीमुळे क्वचितच. बहुधा त्याला श्वास पुरत नाही म्हणून. यासाठीच धूळ जेथे जन्मते तेथे ती पकडण्याचे काम आधी करायचे असते, आणि त्यातूनही उरलेल्या धुळीसाठी मास्क असतो. हा क्रम उलटला की सगळी जबाबदारी कामगाराच्या नाकावर येऊन पडते.

गूळ खाल्ल्याने पोटात गेलेली धूळ उतरते म्हणतात. आम्ही रोज गूळ वाटतो. चालेल का?

गूळ वाटण्यास हरकत नाही. गूळ वाटला म्हणून एक्झॉस्ट न बसवण्यास हरकत आहे. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, सिलिका श्वासनलिकेतून फुफ्फुसात जाते, आणि दोघांची गाठ पडत नाही. उंदरांवरील प्रयोगाचा दाखला अधूनमधून दिला जातो, पण त्यावरून माणसांचे संरक्षण होते असे म्हणता येत नाही. केळी आणि दूध यांचेही तेच. मधुमेह असलेल्या कामगाराला रोज गुळाचा खडा देणे तर उलट अपायाचे आहे.

सुरुवातीला कोणती लक्षणे दिसतात?

बहुधा कोणतीच नाहीत. नेहमीच्या प्रकारचा सिलिकोसिस दहा किंवा अधिक वर्षांच्या संपर्कानंतर दिसतो. संपर्क तीव्र असेल तर पाच ते दहा वर्षांत, आणि फारच दाट धुळीत काही आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या अवधीतही. जिना चढताना दम लागणे, कोरडा खोकला आणि थकवा दिसू लागेपर्यंत फुफ्फुसाचे बरेच नुकसान झालेले असते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी तपासणी करावी. छातीचा क्ष-किरण फोटो, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो वाचू शकणारा डॉक्टर, आणि स्पायरोमेट्री म्हणजे फुंकण्याची चाचणी, ही किमान तयारी आहे. कॅम्प भरवून वजन, रक्तदाब आणि साखर तपासून घेतल्याने ही गरज भागत नाही. बिडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याचे नुकसान दुपटीने नव्हे तर अनेक बाजूंनी वाढते, हेही तपासणीच्या वेळीच सांगावे.

डॉक्टरांनी टीबी सांगितला. तो धुळीमुळे झाला का?

टीबी जंतूमुळेच होतो, पण सिलिकेने दुखावलेल्या फुफ्फुसात तो सहज मूळ धरतो, आणि सिलिकोसिस असलेल्यांना टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. उलट गोष्टही घडते. क्ष-किरण फोटोतील सिलिकोसिसच्या गाठी टीबीसारख्या दिसतात, आणि थुंकीत जंतू न सापडताही माणसावर पुन्हा पुन्हा टीबीचे उपचार होत राहतात. हे टाळण्याचा मार्ग सोपा आहे: डॉक्टरांसमोर बसताच आपण फाउंड्रीत काम करतो, कोणत्या विभागात आणि किती वर्षांपासून, हे न विचारता सांगावे. ‘कंपनीत आहे’ एवढे सांगून काही कळत नाही. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात छातीच्या आजारांची तपासणी होते, आणि टीबीचे निदान व औषधे शासकीय कार्यक्रमातून मोफत मिळतात. औषधांचा कोर्स मध्येच सोडू नये, आणि बरे झाल्यावर त्याच धुळीत परत जाऊ नये.

ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी कोणाची?

ज्याच्या शेडमधली हवा, त्याची. फाउंड्रीचे नाव १९४८ च्या कारखाने अधिनियमातील धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होते, आणि त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही ती तशीच धरलेली आहे. सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरवरही ते बंधन आहे. महाराष्ट्रात या बाबी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. दरमहा एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत येतो, आणि धुळीमुळे होणारे फुफ्फुसाचे आजार त्या योजनेच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. विम्यात नाव नोंदवले आहे की नाही, हे कंत्राटी कामगाराने आजारी पडल्यावर नव्हे तर रुजू होतानाच विचारावे.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी माणसे शेजारी शेजारी काम करतात, आणि फाउंड्रीत उत्तरेकडून आलेले हिंदी भाषक कामगारही असतात. फक्त इंग्रजीत छापलेला सुरक्षा फलक भिंतीची शोभा वाढवतो. अस्तर काढणाऱ्या टोळीला त्यांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच जुन्या माणसाकडून समजावून सांगितलेले लक्षात राहते.

घरच्यांनाही यापासून त्रास होऊ शकतो का?

कपड्यांवरून धूळ घरी जाते. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत, अंघोळीची सोय असावी आणि धुण्याची व्यवस्था कारखान्याने करावी. कपडे घरीच धुवावे लागत असतील तर ते झटकू नयेत. आधी पाण्यात भिजवून मग धुवावेत, आणि लहान मुलांच्या कपड्यांपासून वेगळे ठेवावेत.

आमची फाउंड्री वीस माणसांची आहे. पैसे थोडेच आहेत, तर पहिला खर्च कोठे करावा?

पहिल्या महिन्यात करण्यासारख्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही: एअर गनने अंग झटकणे बंद करणे, पार्टिंग पावडर बदलणे, मॅन कूलरच्या जागा बदलणे, कास्टिंग थंड होण्याचा वेळ पाळणे, आहे त्या पंख्याची दिशा तपासणे, डक्ट उघडून साफ करणे, आणि नॉकआउट शक्यतो कमी माणसे असलेल्या वेळेत घेणे. त्यानंतर हाती येणाऱ्या पैशातून फेटलिंगचा ओढ देणारा बाक करावा, कारण तेथे माणूस पूर्ण पाळी धुळीसमोर असतो. मग नॉकआउटची आड आणि हूड. सिलिका वाळूऐवजी ऑलिव्हिन, क्रोमाइट किंवा सिरॅमिक वाळू वापरल्याने मूळ कारणच दूर होते, पण त्यांची किंमत पाहता लहान कारखान्याला ते काही कोअरपुरतेच परवडेल. सगळी वाळू बदलण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. शेजारच्या चार कारखान्यांनी मिळून एक औद्योगिक व्हॅक्यूम आणि अस्तराच्या कामासाठी एक श्वसनसंच घेतला तर खर्च वाटला जातो, मात्र मुखवट्याचा भाग प्रत्येकाचा स्वतंत्र असावा.

काम सोडून पाच वर्षे झाली. आता तपासणीची गरज आहे का?

आहे. धोकादायक प्रक्रियेत काम केलेल्या कामगाराची तपासणी काम सुरू करण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम सोडल्यानंतरही बारा महिन्यांहून अधिक अंतर न पडू देता व्हावी, असे २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाचे कलम ४१-सी सांगत असे. आणि आपल्या आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा हक्कही कामगाराला आहे. नोकरी सोडताना जुने क्ष-किरण फोटो, फुंकण्याच्या चाचणीचे कागद आणि कोणत्या विभागात किती वर्षे काम केले याचा दाखला मागून घ्यावा. फोटो गुंडाळून किंवा दुमडून न ठेवता सपाट ठेवावेत, कारण नवा फोटो जुन्याशेजारी लावून पाहिला की आजार पुढे सरकला आहे का, हे डॉक्टरांना तेथल्या तेथे सांगता येते.